मागची सीट कुठंय? : कॅम्पर व्हॅनचा विमा आणि त्याचा हप्ता

 

मागच्या महिन्यात आमच्या व्हॅनचा फोटो टाकला होता. मागचं दार उघडं, आत गादी, बाहेर गुहागरचा समुद्र. त्यावर तुमचे भरपूर मेसेज आले. निम्म्यांनी विचारलं, "एकूण खर्च किती आला?" आणि बऱ्याच जणांनी विचारलं, "इन्शुरन्सचं काय केलंत? प्रीमियम किती बसतो?" हा दुसरा प्रश्न वाचून मी जरा गप्प झालो. कारण त्या फोटोनंतर अठरा तासांनी जे झालं ते मी कुठं टाकलेलं नव्हतं. आज ते सांगतो, आणि त्याच्या निमित्तानं असल्या गाडीचा हप्ता नेमका कशाकशानं वरखाली होतो तेही उलगडून बघू.

आधी गाडी. चार वर्षं जुनी, पाच सीटची ईको, ११९७ सीसी, पुणे पासिंग. सेकंड हँड घेतली. आम्ही तिघं मित्र, पैसे तिघांचे, आरसी माझ्या नावावर. दुसऱ्या रांगेची सीट काढली, प्लायवूडची फ्रेम फरशीला बोल्टनं बसवली, वर गादी. खाली बॅटरी, इन्व्हर्टर, छोटा फ्रिज, टपावर सोलर पॅनेल आणि कॅरिअर. काढलेली सीट बाबांच्या माळ्यावर, जुन्या कूलरच्या शेजारी. हे लक्षात ठेवा.

गुहागरहून परत येताना कुंभार्ली घाट चढून आलो आणि पाटणला चहाला थांबलो. गाडी कडेला उभी, आम्ही टपरीवर. एक ट्रक रिव्हर्स आला, सरकतं दार आणि मागचा पत्रा चेपला, आणि आम्ही धावेपर्यंत गेलासुद्धा. नंबर अर्धाच दिसला. कुणाला लागलं नाही, ते बरं. पुण्यात गॅरेजवाल्यानं अंदाज दिला ४८,००० रुपये. आम्ही निवांत होतो. फुल इन्शुरन्स आहे ना!

दोन दिवसांनी सर्व्हेअर आले. शांत माणूस. चेपलेलं दार बघितलं, फोटो काढले. मग दुसऱ्या बाजूचं दार सरकवलं, आत डोकावले आणि म्हणाले, "आरसीवर पाच सीट आहेत. मागची सीट कुठंय?"

मी म्हणालो, "घरी आहे सर. माळ्यावर."

त्यांनी ते तसंच लिहून घेतलं.

पुढं काय झालं ते सांगतोच. पण त्याआधी हप्त्याची रचना समजून घेऊ, नाहीतर ते पुढचं डोक्यावरून जाईल.

गाडीच्या विम्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक थर्ड पार्टी, म्हणजे तुमच्या गाडीमुळं दुसऱ्याचं नुकसान झालं तर. हा कायद्यानं सक्तीचा. आणि दुसरा ओन डॅमेज, म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान किंवा चोरी. थर्ड पार्टीचा दर कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार खासगी कारला १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि १५०० सीसीच्या वर ७,८९७ रुपये. आमची ईको मधल्या गटात. इथं घासाघीस करून उपयोग नाही, कुठल्याही ॲपवर हा आकडा तोच दिसणार. व्हॅन निवडताना मात्र हे बघून ठेवा, कारण पंधराशे सीसीची रेषा ओलांडली की दर वर्षी साडेचार हजारांचा फरक पडतो.

खेळ सगळा ओन डॅमेजमध्ये. त्याचा पाया म्हणजे आयडीव्ही, गाडीची विम्यापुरती मानलेली किंमत. त्या मॉडेलची आजची नव्या गाडीची किंमत धरायची आणि वयानुसार घसारा वजा करायचा. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के. पाचच्या पुढं कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवता.

गणितासाठी नव्या गाडीची किंमत साडेपाच लाख धरू. आमची चार ते पाच वर्षांच्या खान्यात, म्हणून आयडीव्ही २,७५,०००. त्यावर दर लावायचा. जुन्या मोटार टॅरिफमध्ये आमच्या सीसीच्या, पाच वर्षांच्या आतल्या गाडीला झोन ए मध्ये ३.२८३ टक्के दर आहे. म्हणजे ९,०२८ रुपये. झोन ए म्हणजे मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळूर, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता आणि अहमदाबाद, बाकी भारत झोन बी. गाडीचं पासिंग पुण्याऐवजी साताऱ्याचं असतं तर दर ३.१९१ टक्के, म्हणजे आमच्या आयडीव्हीवर जेमतेम २५३ रुपये कमी. "गावच्या पत्त्यावर पासिंग कर, इन्शुरन्स स्वस्त पडतो" असं सांगणारा एक मित्र सगळ्यांना असतो. त्याला हा आकडा पाठवा.

१ जानेवारी २००७ पासून ओन डॅमेजचे दर खुले झाले. कंपन्या आजही त्या जुन्या दरावर सूट देतात, कुणी ३०, कुणी ५०, कुणी त्याहून जास्त. म्हणून एकाच गाडीला पाच ॲपवर पाच आकडे दिसतात. मी एका रविवारी बसून डीबगिंग करावं तसं केलं. बाकी सगळं तेच ठेवायचं, एकच गोष्ट बदलायची आणि आकडा टिपायचा. ॲपवर सगळ्यात जास्त मोह होतो तो आयडीव्हीच्या सरकपट्टीचा. डावीकडं ओढली की हप्ता लगेच उतरतो. आम्ही ती ओढली नाही, आणि त्याचं श्रेय आमच्या एजंट काकांना. ते म्हणाले, "अरे, दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या पंचाहत्तर टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस. आयडीव्ही कमी ठेवलास तर थोडक्या नुकसानीत गाडी भंगारात जाईल, आणि हातात येणार तीच कमी रक्कम." चोरीचंही तसंच. चारशे रुपये वाचवायला पन्नास हजारांचं पाणी सोडायचं.

मग एनसीबी, नो क्लेम बोनस. क्लेम न करता एक वर्ष गेलं की २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. ही सूट फक्त ओन डॅमेजवर मिळते. सेकंड हँड व्हॅन घेणाऱ्यांनी इथं कान द्या. एनसीबी माणसाचा असतो, गाडीचा नाही. आधीच्या मालकाचा ५० टक्के बोनस तुम्हाला मिळत नाही. पण तुमची जुनी कार तुम्ही विकली असेल तर तुमचा बोनस तुम्ही नव्या कारवर आणू शकता. विकताना कंपनीकडून तसं पत्र घ्यायचं, ते तीन वर्षं चालतं. माझ्या जुन्या हॅचबॅकचा ३५ टक्के होता, तो मी ईकोवर आणला. आणि पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की बोनस शून्य. पावसाळ्यात गाडी उभीच आहे म्हणून नूतनीकरण टाळणाऱ्यांचं इथंच नुकसान होतं.

सेकंड हँडचीच अजून एक गोष्ट. गाडी तुमच्या नावावर झाली की थर्ड पार्टी संरक्षण आपोआप तुमच्याकडं येतं, पण पॉलिसीवर नाव बदलायला चौदा दिवसांत अर्ज करायचा असतो. ओन डॅमेज असं आपोआप येत नाही. आरसी तुमची आणि पॉलिसी जुन्या मालकाची, या अवस्थेत दार चेपलं तर दोघांनाही काही मिळत नाही. काकांनी आमच्या मागं लागून हे वेळेत करून घेतलं होतं, नाहीतर गोष्ट तिथंच संपली असती.

आता कॅम्परवाल्यांचा खास भाग.

गाडीत तुम्ही वरून बसवलेल्या वस्तू आयडीव्हीमध्ये नसतात. बॅटरी, इन्व्हर्टर, फ्रिज, सोलर ही इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीज. त्यांची किंमत वेगळी जाहीर करायची आणि जुन्या टॅरिफप्रमाणे त्यावर ४ टक्के. आमच्याकडं अशा वस्तू ७०,००० च्या, म्हणजे २,८०० रुपये. कॅरिअर, कपाटं, गादीची फ्रेम वगैरे ६०,००० चं, त्याला गाडीचाच दर, म्हणजे १,९७० रुपये. दोन्ही मिळून ४,७७०, तेही सूट धरण्याआधी. फॉर्ममध्ये तो रकाना आला तेव्हा आम्ही तिघांनी एकमेकांकडं बघितलं आणि शून्य लिहिलं. "कोण बघायला येतंय" हे वाक्य मीच बोललो होतो.

पण खरं दुखणं त्याहून मोठं होतं. ॲक्सेसरी जाहीर करणं आणि गाडीत बदल करणं या वेगळ्या गोष्टी आहेत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवर नोंदलेले, कंपनीनं दिलेले मूळ तपशील बदलतील असे फेरफार मालकानं करायचे नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तसंच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२अ आलं: अशा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आरसीवर पाच सीट आणि गाडीत दोन, हा सरळ फरक. आम्ही ॲक्सेसरीजचे चार हजार भरले असते तरी सीटचा प्रश्न सुटला नसता. यूट्यूबवर "दोन दिवसांत कॅम्पर" बघताना हे कुणी सांगत नाही. आम्हीही आमच्या व्हिडिओत सांगितलं नव्हतं, सॉरी.

कायदेशीर रस्ता आहे, पण महागडा आहे. मोटर कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचा मानक आहे. त्यानुसार बांधून, मंजुरी घेऊन गाडी त्याच प्रकारात नोंदवता येते, आणि खासगी वापराची कॅम्पर व्हॅन नॉन-ट्रान्सपोर्टमध्ये बसते. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं, पण त्याचा रोख व्यवसाय करणाऱ्यांकडं जास्त. अशा गाडीची आयडीव्ही बांधणीच्या खर्चासकट असते, त्यामुळं हप्ता अर्थात वाढतो.

माझी मामेबहीण डॅलसला असते. तिच्या शेजाऱ्यांकडं भलीमोठी मोटरहोम आहे. तिथं ही वेगळी पॉलिसीच मिळते. गाडी क्लास ए, बी की सी, तुम्ही सुट्टीपुरती वापरता की बारा महिने तिच्यातच राहता, असे प्रश्न विचारून हप्ता ठरतो. कायम राहणाऱ्याला जास्त, कारण ते त्याचं घरच असतं. आणि हिवाळ्यात गाडी नुसती उभी असेल तर काही कंपन्या अपघाताचं संरक्षण तेवढे महिने थांबवून चोरी-आगीपुरतं ठेवू देतात. आपल्याकडं याच्या जरा जवळ जाणारी गोष्ट म्हणजे 'पे ॲज यू ड्राइव्ह'. जुलै २०२२ मध्ये आयआरडीएआयनं कंपन्यांना ही परवानगी दिली. वर्षाला किती किलोमीटर चालवणार ते सांगायचं, त्यानुसार ओन डॅमेजचा हप्ता. आमची गाडी वर्षातून पाच-सहा वेळा बाहेर पडते, आम्हाला हे फिट बसतं. फक्त एक हिशेब करा. पुणे ते स्पिती आणि परत अशी एकच ट्रिप मारलीत तरी चार हजार किलोमीटर सहज होतात.

भाड्याचंही सांगतो, कारण आमच्यातल्या एकाच्या डोक्यात ते होतं. शनिवार-रविवार व्हॅन इन्स्टाग्रामवरून भाड्यानं द्यायची, रात्रीचे अडीच हजार, ईएमआय सुटला. खासगी पॉलिसीत वापराची मर्यादा छापलेली असते: भाड्यानं किंवा मोबदल्यासाठी वापर चालत नाही. स्वतः चालवायला भाड्यानं द्यायच्या गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं लागतात, परवाना वेगळा, विमा वेगळा. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढं असंच एक प्रकरण आलं होतं, खासगी विमा असलेली गाडी भाड्यानं दिली आणि अपघात झाला. कंपनीनं क्लेम पूर्ण नाकारला होता. न्यायालयानं 'नॉन-स्टँडर्ड' तत्त्वावर अडीच लाख द्यायला सांगितले. म्हणजे अटीचा भंग झाला म्हणून सगळंच शून्य करायचं नाही, काही भाग द्यायचा, साधारणपणे पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत. हा 'नॉन-स्टँडर्ड' शब्द आमच्या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

ॲड-ऑन भरभर. कोकणात जाणार असाल तर इंजिन प्रोटेक्शन घ्या. पाण्यात गाडी बंद पडली आणि तुम्ही पुन्हा स्टार्टर मारला तर बिघडलेलं इंजिन साध्या पॉलिसीत बसत नाही. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा फक्त आरसीवर नाव असलेल्या मालकाचा, तुमच्याऐवजी गाडी चालवणाऱ्या मित्राचा नाही. बाकी प्रवाशांसाठी वेगळं कव्हर मिळतं, अगदी थोडक्या पैशांत. आम्ही तिघं आलटून पालटून चालवतो, म्हणून आता घेतलंय. नेपाळ-भूतानला गाडी न्यायची असेल तर पॉलिसीचं क्षेत्र वाढवून घ्यावं लागतं, नाहीतर सीमेपलीकडं तुम्ही विम्याविना असता. आणि 'व्हॉलंटरी डिडक्टिबल', म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये पहिले अमुक हजार मी भरीन म्हणून मिळणारी सूट. जुन्या टॅरिफप्रमाणे १५,००० स्वतः सोसायची तयारी दाखवली तर ३५ टक्के सूट, पण जास्तीत जास्त २,५०० रुपये. मला ते पटलं नाही.

तर, सर्व्हेअर गेले आणि दहा दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. गाडीत न कळवता बदल केलेले आढळले, तुमचा क्लेम का नाकारू नये? त्या संध्याकाळी आम्हा तिघांत जे भांडण झालं ते पॉडकास्टवर सांगण्यासारखं नाही. सीट काढायची आयडिया कुणाची, शून्य कुणी लिहिलं, "कोण बघायला येतंय" कोण म्हणालं. एक मित्र म्हणाला, सीट परत बसवून फोटो पाठवू, म्हणू की त्या दिवशीच काढली होती. खरं सांगतो, मलाही दोन मिनिटं ते बरं वाटलं. मग काकांना फोन केला. ते म्हणाले, "सर्व्हेअरच्या कागदावर तू स्वतः सांगितलंयस माळ्यावर आहे म्हणून. आता खोटं लिहिलंस तर उरलंसुरलंही जाईल."

मग खरंच लिहिलं. सीट काढली होती, फ्रेम बसवली होती, चूक झाली. पण गाडी उभी होती, दुसऱ्या वाहनानं धडक दिली, बदलांचा अपघाताशी संबंध नाही, आणि आतल्या कुठल्याही वस्तूचा क्लेम आम्ही करत नाही. सोबत पाटण पोलिसांकडं दिलेल्या तक्रारीची प्रत.

सात आठवडे गेले. गाडी गॅरेजात उभी. शेवटी क्लेम मंजूर झाला, नॉन-स्टँडर्ड, ७५ टक्के. हिशेब सांगतो, रंगकामाचा बारकावा सोडून. पत्र्याचे भाग २६,०००, गाडी चार वर्षांच्या पुढची म्हणून त्यावर ३५ टक्के घसारा, उरले १६,९००. प्लास्टिक-रबर ६,०००, त्यावर ५० टक्के, उरले ३,०००. मजुरी १६,०००, तिला घसारा नाही. बेरीज ३५,९००. सक्तीचे वजावटीचे १,००० गेले, ३४,९००. त्याचे ७५ टक्के, २६,१७५.

४८,००० चं बिल, २६,१७५ मिळाले, २१,८२५ खिशातून. यातले १२,१०० तर नुसत्या घसाऱ्याचे, झिरो डेप घेतलं असतं तर तेवढे वजा झाले नसते. आणि माझा ३५ टक्के बोनस शून्यावर आला, पुढच्या वर्षी तो ४५ होणार होता. तरी क्लेम केला ते बरोबरच होतं. सूट धरून आमचा ओन डॅमेज हप्ता साडेचार हजारांच्या आसपास, म्हणजे बोनस गेल्यानं वर्षाला दोनेक हजारांचा फटका, समोर सव्वीस हजार. तीन हजारांचा ओरखडा असता तर मी क्लेम केला नसता.

गाडी आता पुन्हा पाच सीटची आहे. माळ्यावरून सीट उतरवताना बाबा काही बोलले नाहीत, फक्त कूलर पण घेऊन जा म्हणाले. बोल्टची फ्रेम काढली. डिकीत एक पेटी आहे, तिच्यात स्वयंपाकाचं सामान, आणि झोपताना सीटच्या पाठीपासून पेटीपर्यंत फळ्या टाकतो. दोघंच झोपू शकतात, तिसरा तंबूत. यावरून अजून वाद चालू आहे. गॅसची छोटी टाकी गाडीत ठेवणं बंद केलं, कारण सर्व्हेअरनी तिच्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती मी विसरलो नाही. आगीचा क्लेम असता तर काय झालं असतं हा विचार नको वाटतो.

नूतनीकरणाला ७०,००० च्या इलेक्ट्रिकल वस्तू जाहीर केल्या. पाच वर्षं झाल्यामुळं दोन कंपन्यांनी झिरो डेप नाही म्हटलं, तिसरीनं गाडी तपासून दिलं. तपासायला आलेल्या मुलानं मागचं दार उघडलं, सीट मोजल्या, फ्रिजचा फोटो काढला आणि विचारलं, "सर, ह्या फ्रिजमध्ये काय ठेवता?"

दही, म्हणालो.

तुमच्याकडं व्हॅन असेल किंवा घ्यायचा विचार असेल तर पॉलिसीचं पहिलं पान आणि आरसी समोर ठेवून प्रश्न पाठवा, पॉलिसी नंबर आणि गाडीचा नंबर झाकून. पुढच्या भागात त्यातले काही घेऊ. भेटू.